नवीन पाळकांकडून नेमक्या काय अपेक्षा ठेवायच्या?

नानापेठी

सर्वांना सलाम.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, पुण्यातली, मराठी, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची). याहून जास्त पत्ता देत नाही. इथल्या निम्म्या लोकांनी एव्हाना ओळखलंच असेल. जुन्या पाळक साहेबांची (चर्चच्या धर्मगुरूंची) बदली झाली, नवे साहेब लवकरच येतील. कमिटीत यंदा मी नवीन, म्हणून लिखाणाचं काम माझ्या गळ्यात पडलं. नव्या साहेबांना द्यायला 'मंडळीच्या अपेक्षा' असा कागद तयार करायचा आहे.

बैठकीत जो जे बोलला ते उतरवून घेतलं. उपासना वेळेवर सुरू व्हावी. संदेश वीस मिनिटांत संपावा, पण उथळ नको. ससूनला किंवा केईएमला कुणी अॅडमिट झालं तर त्याच दिवशी भेट. प्रत्येक घरी वर्षातून दोनदा प्रार्थना. इथवर ठीक होतं. मग हॉलचं भाडं वसूल करणं, कंपाउंडच्या भिंतीसाठी महापालिकेत खेटे घालणं, गळकं छप्पर, शाळाप्रवेशासाठी शिफारसपत्रं, 'चांगली स्थळं सुचवणं', तरुण संघाला गिटार शिकवणं. शेवटची ओळ: 'पाळकीणबाईंनी महिला मंडळ सांभाळावं.' पाळक हवेत की जिल्हाधिकारी, हेच कळेना.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे भांडायला सोपं. आपली माणसं नावानिशी ओळखणं ही पाळकाची पहिली जबाबदारी. कोण बरेच रविवार दिसलं नाही, कुणाच्या घरात दारू शिरलीय, कोण म्हातारं एकटं जेवतं, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा संदेश कितीही विद्वत्तेचा असला तरी डोक्यावरून जातो. बायबलात योहान १० मध्ये मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो. लेखापरीक्षणाचा तिथे उल्लेख नाही. प्रेषितांची कृत्ये ६ तर अगदी सरळ आहे. विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर सुरू झाली तेव्हा बारा प्रेषितांनी ते काम सात जणांवर सोपवलं आणि स्वतः प्रार्थना नि वचनाची सेवा यांना लागले. आपल्याकडे वचन कुणीही सांगितलेलं चालतं, छपराचे पत्रे मात्र पाळकांनीच बदलायचे.

तर काय ठेवावं, काय खोडावं? आणि खोडलेलं कुणी करायचं?

कोथरूडचा_योना

गिटार राहू द्या. निदान त्या निमित्ताने तरुण संघ दिसेल तरी.

बंगल्यातली

मी पाळकांची मुलगी. चर्चच्या आवारातल्या बंगल्यांत वाढले. बंगला म्हणजे कौलं, ओल आणि दर काही वर्षांनी बदलणारी शाळा. बाबांचा पगार आईच्या शिक्षिकेच्या पगारापेक्षा कमी होता आणि घर तिच्यावर चालायचं. त्याबद्दल तक्रार नाही, हे काम घेताना माहीत होतं. तक्रार वेगळी आहे.

आमच्या घराला कडी नव्हती असंच समजा. रात्री अकरा वाजता भांडलेलं जोडपं येऊन बसायचं, पहाटे कुणी गेल्याची खबर. ते बाबांना जडच वाटलं नाही कधी. ते काम त्यांचं होतं, त्यासाठीच ते आले होते. त्यांना पोखरलं ते दुसऱ्या गोष्टींनी. कमिटीतले दोन गट, कोणाच्या घरी आधी गेलात आणि कोणाच्या नंतर, नाताळच्या कार्यक्रमात कुणाच्या नातवाला संवाद कमी मिळाले. मयताच्या घरून परत आल्यावर बाबा शांत असायचे. कमिटीच्या बैठकीवरून आले की जेवायचे नाहीत.

१ तीमथ्य ३ मध्ये आहे की अध्यक्षाने (मंडळीच्या पुढाऱ्याने) आपलं घर नीट चालवावं, ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार. हे वचन मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय, तेही माझ्या केसांच्या लांबीवरून आणि भावाच्या बारावीच्या मार्कांवरून, की आजही ते पान आलं की मी उलटते. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला मार्कशीट अभिप्रेत नसावी.

नानापेठी, तुमच्या यादीत दोन गोष्टी घाला. एक, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी, आणि त्या दिवशी फोन कमिटीतलं कुणीतरी घेणार. दुसरं, शेवटची ओळ खोडा. आईला महिला मंडळ आवडायचं, पण ती नोकरी करून करायची आणि एकदा आजारी पडली तर 'बाई हल्ली लक्ष देत नाहीत' असं ऐकावं लागलं. पाळकीणबाईंकडून काम हवं असेल तर त्यांना नेमणूकपत्र द्या, मानधन द्या, आणि आधी विचारा. सीएनआयमध्ये स्त्रियाही पाळक होतात. उद्या तुमच्याकडे बाई पाळक आल्या तर त्यांच्या मिस्टरांना महिला मंडळ देणार का?

कोथरूडचा_योना

शेवटच्या वाक्याला शंभर टाळ्या.

जालन्याचे_आजोबा

मुली, तुझ्या बाबांना माझा सलाम सांग. पण एक म्हातारा म्हणून बोलतो. आमच्या लहानपणी खेड्यात मिशनच्या शाळेचा मास्तर तोच रविवारी भक्ती घ्यायचा. सुटी बिटी काही नाही. चार गावं पायी. कुणाची म्हैस व्याली इथपासून कुणाचं सावकाराकडे किती अडकलंय इथपर्यंत त्याला सगळं ठाव. अर्ज लिहून द्यायचा, तलाठ्याकडे सोबत यायचा. आमच्या बापाला सही यायची नाही, मास्तर नसता तर आमची जमीन गेली असती. आता तुम्ही म्हणता शिफारसपत्र देणं पाळकाचं काम नाही. मग गरिबाचं पत्र कोण लिहिणार?

नानापेठी

आजोबा, हा मुद्दा मी धरला नव्हता आणि तो महत्त्वाचा आहे. आमच्यातली कितीतरी घरं नगर, जालन्याकडून पुण्यात कामाला आलेली. पाळकांच्या पत्राला ऑफिसात किंमत असते, हे खरं. माझा आक्षेप पत्राला नाही, ओळख नसताना दिलेल्या पत्राला आहे. तुमचे मास्तर बापाला ओळखत होते म्हणून तलाठ्याकडे गेले. आज तीन महिने चर्चला न आलेला माणूस अॅडमिशनच्या आदल्या दिवशी उगवतो आणि पाळकांनी 'नियमित सभासद' असं लिहून द्यावं म्हणतो. ते खोटं लिहिणं झालं.

सनदी_सभासद

मी सीए आहे आणि दुसऱ्या एका मंडळीचा खजिनदार होतो. योहान १० मध्ये लेखापरीक्षण नसेल, पण योहान १२ मध्ये सगळ्यांचे पैसे सांभाळणाऱ्या आणि त्यातून चोरणाऱ्या यहूदाची थैली आहे. तीही वाचा.

पाळकांना पैशांपासून लांब ठेवा हे मला अर्धंच पटतं. त्यांनी एकट्याने सही करू नये, अर्पण एकट्याने मोजू नये, भाड्याची रोकड स्वतःच्या खिशात ठेवू नये, भले ती रात्रीपुरतीच असो. पण हिशोब त्यांना वाचता आला पाहिजे आणि प्रश्न विचारता आला पाहिजे. 'मी अध्यात्माचा माणूस, मला आकडे कळत नाहीत' असं म्हणणारे पाळक मी पाहिलेत. त्यांच्या सज्जनपणाच्या आडोशाने दुसऱ्यांनी हात मारले. पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली. २ करिंथ ८ मध्ये कारणही लिहिलंय: कुणी दोष लावू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख असावा.

कायद्याचं थोडक्यात. मंडळी स्वतंत्र ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो आणि दरवर्षी हिशोबतपासणी करावी लागते. जमीन-इमारत विकायची, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. सीएनआयच्या पुष्कळ मिळकती वरच्या ट्रस्टच्या नावावर असतात, तेव्हा हॉलच्या भाड्याचा करार कोणी कोणत्या अधिकारात केलाय ते आधी पाहा. नवे पाळक येतात, कुणीतरी कागद पुढे सरकवतं, ते विश्वासाने सही करतात आणि पुढची दहा वर्षं तारखांना हजर राहतात.

वडगावशेरीचा_वसईकर

आम्ही कॅथलिक, पण दुखणं तेच आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडे फादरांची जबाबदारी कॅनन लॉमध्ये (चर्चच्या कायद्यात) लिहिलेली असते, १९८३ची संहिता. कलम ५२९ सांगतं की धर्मगुरूने आपल्या लोकांना ओळखावं, घरोघरी जावं, त्यांच्या काळज्या आणि दुःखं वाटून घ्यावीत, आजारी आणि मरणासन्न माणसांपाशी असावं. म्हणजे नानापेठींचं म्हणणं तिथे नियम म्हणूनच आहे. कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थविषयक समिती असावीच लागते, ती ऐच्छिक नाही. मला सर्वांत आवडतं ते कलम ५३४. धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूने दर रविवारी आणि आज्ञापित सणांना एक मिस्सा (मुख्य उपासना) फक्त आपल्या लोकांसाठी अर्पण करायचा. त्या मिस्साला कुणाची देणगी नाही, कुणाचं नाव नाही. शंभर कामांत फादर बुडाले तरी आठवड्यातून एकदा त्यांनी आमच्यासाठी उभं राहायचं, हे ठरलेलं.

कायदा आहे म्हणून सगळं होतं असं मात्र नाही. शहरात धर्मग्राम अवाढव्य. आमच्या भागात नवीन सोसायट्या इतक्या वाढल्या की फादर भेटी देत सुटले तरी वर्ष पुरणार नाही. म्हणून छोटे ख्रिस्ती समूह केलेत, शेजारची घरं मिळून. आजारी कोण, नोकरी कुणाची गेली, हे आधी समूहाला कळतं आणि तिथून फादरांना. वसईत ही गरज एवढी जाणवत नव्हती, तिथे आळीला सगळं माहीत असायचं. जरा जास्तच.

इथ्रोचा_जावई

वसईकरांनी सांगितलं ते निर्गम १८ आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलेला, सासरा इथ्रो येऊन म्हणतो हे तू बरं करत नाहीस, तूही थकशील आणि लोकही. हजार, शंभर, पन्नास, दहा अशा जणांवर नायक नेम. सासऱ्याचा सल्ला ऐकून फायदा झाल्याची दुर्मिळ नोंद.

सदाशिवपेठी_आगंतुक

मी ख्रिस्ती नाही, धागा वर दिसला म्हणून आत आलो. पुण्यातलं चर्च म्हटलं की आम्हाला पंचहौद मिशनमधला १८९०चा तो चहाच आठवतो, ज्यापायी टिळक-रानड्यांना ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) सोसावं लागलं. त्या पलीकडे त्या देवळाच्या आत काय चालतं हे कधी विचारलंच नव्हतं.

एक भाबडा प्रश्न. तुमचा पाळक चुकला तर त्याला कोण विचारतं? आमच्याकडे गुरुजी पटले नाहीत तर पुढच्या वेळी दुसरे बोलावतो.

नानापेठी

आगंतुक, बसा, चहा घ्या. यावेळी प्रायश्चित्त नाही.

सीएनआयमध्ये नेमणूक आणि बदली बिशपांच्या हातात असते, तेव्हा तक्रार डायोसिसकडे (बिशपांच्या धर्मप्रांताकडे) जाते. वचनातही तरतूद आहे. १ तीमथ्य ५ म्हणतं की वडिलांवरचा (मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, आणि लगेच पुढे म्हणतं की पाप करणाऱ्यांना सगळ्यांदेखत दोष दाखवावा. लोक आपापल्या सोयीने पहिलं किंवा दुसरं अर्धं वाक्य वापरतात.

हडपसरची_रूथ

दोन-तीन साक्षीदारांचं वाचलं म्हणून लिहिते आहे. नवरा मारतो तेव्हा साक्षीदार कोण असतो?

माझी बहीण पाळकांकडे गेली होती. मंडळी कुठली ते सांगणार नाही. त्यांनी दोघांना समोर बसवलं, प्रार्थना केली, क्षमेवर बोलले आणि तिला परत पाठवलं. समोरासमोर बसवल्यावर ती काय बोलणार होती? घरी गेल्यावर 'साहेबांना का सांगितलंस' म्हणून पुन्हा मार. ते पाळक दुष्ट नव्हते. आजही मला ते भले गृहस्थच वाटतात. पण आपल्याला हे काम येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

माणसं ओळखणं ही पहिली जबाबदारी म्हणता, तर त्याला जोडून लिहा: आपल्या आवाक्याबाहेरचं काय ते ओळखणं. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. पाळकांच्या टेबलावर तो नंबर असावा. बाईला आधी एकटीला ऐकावं, तेही दुसऱ्या एखाद्या जाणत्या बाईच्या सोबतीने. आणि तिला सुरक्षित राहायला जागा मिळेपर्यंत क्षमेचा विषय काढू नये.

बंगल्यातली

रूथताई, बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, 'हे मला कुणी तरुणपणी सांगायला हवं होतं.' बाकी काही बोलले नाहीत.

बीडी_तिसरं_वर्ष

पुण्यात सेमिनरींना (पाळक घडवणाऱ्या विद्यालयांना) तोटा नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली यवतमाळहून बिबवेवाडीला आली, पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून. मी बीडी (धर्मशास्त्राची पदवी) कुठे शिकतो ते गुलदस्त्यात राहू द्या. ग्रीक, हिब्रू, मंडळीचा इतिहास, उपदेशशास्त्र, समुपदेशन, शिवाय मंडळीत प्रत्यक्ष काम, असं सगळं असतं. तरी रूथताईंनी लिहिलेला प्रसंग समोर आल्यावर काय करायचं याची पोटात भीती आहे, आणि ती असावी असं मला वाटतं.

एक भर घालतो. संडे स्कूल, तरुण संघ, सुटीतलं बायबल शिबिर, सगळीकडे लहान मुलं असतात. पॉक्सो कायदा २०१२चा. कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. 'मंडळीची बदनामी होईल, आपसात मिटवू' हा पर्याय पाळकांपाशी नाही. खासगीत ऐकलेलं बाहेर जाऊ नये हा आमचा नियम खरा, पण मुलाच्या जिवापुढे तो लावू नये.

वडगावशेरीचा_वसईकर

पापनिवेदनातली गुप्तता आमच्याकडे अभेद्य आहे. तो वेगळा आणि अवघड विषय, इथे शिरत नाही. त्याबाहेर कानावर आलेल्या गोष्टीला मात्र बीडींचं म्हणणं तंतोतंत लागू.

पिंपळेगुरव_फेलोशिप

प्रेज द लॉर्ड. मी भोसरीत कंपनीत कामाला आहे आणि संध्याकाळी घरात फेलोशिप (प्रार्थनेचा गट) चालवतो. पगार नाही, बंगला नाही, कमिटी नाही. पौल करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्लाबरोबर राहुट्या शिवायचा. तुमचे वाद वाचून वाटलं, बरं झालं आम्ही सुटसुटीत आहोत. माझ्याकडे येणारा एकूण एक माणूस मला ठाऊक आहे. नाइट शिफ्ट कुणाची, हप्ता कुणाचा थकलाय, सगळं. नानापेठीताई, तुमची पहिली जबाबदारी आम्ही रोज निभावतो.

सनदी_सभासद

दादा, मनापासून कौतुक. पण कमिटी नाही, तर दशांश (लोक देतात तो उत्पन्नाचा दहावा हिस्सा) कुणाच्या खात्यात जातो आणि तो कोण तपासतो?

पिंपळेगुरव_फेलोशिप

माझ्याच खात्यात. सगळा लोकांच्याच मदतीला जातो, देव साक्षी आहे.

सनदी_सभासद

देव साक्षी आहेच, पण बँकेच्या स्टेटमेंटवर तो सही करत नाही. तुमच्यातल्याच दोघांना वही दाखवत जा. पौल राहुट्या शिवायचा तसा वर्गणीला सोबतीही न्यायचा.

आणि लग्नं लावता का? भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ प्रमाणे लग्न कोण लावू शकतो हे ठरलेलं आहे: आपल्या चर्चच्या रीतीने दीक्षित धर्मगुरू, सरकारने परवाना दिलेला सेवक, किंवा विवाह निबंधक. अधिकार नसताना लावलं तर कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घाबरवत नाही. पासपोर्टच्या वेळी ज्या मुलीला लग्नाचा दाखला मिळत नाही तिचे हाल मी पाहिलेत.

पिंपळेगुरव_फेलोशिप

लग्नाला आम्ही मोठ्या चर्चच्या रेव्हरंडांना बोलावतो, तेवढं कळतं. वहीचं बघतो. राग नाही.

जालन्याचे_आजोबा

याचं मला आवडलं. आमच्या मास्तरासारखाच आहे. पण मास्तराची वही मिशनचे साहेब तपासायचे, हेही खरंय.

नानापेठी

सगळ्यांचं वाचून कागद नव्याने लिहिला. मोठा भाग आता पाळकांच्या नव्हे, आमच्याच नावावर आहे.

पाळकांकडे: वचन आणि संस्कार, त्याची नीट तयारी करायला मोकळी सकाळ, आजारी आणि मयताच्या घरच्या भेटी, एकटे राहणारे म्हातारे. वर्षातून दोनदा प्रत्येक घर हे खोडलं. त्याऐवजी मंडळीचे सहा भाग करून प्रत्येकाला एक जोडी नेमली, ती पाळकांना कळवेल की कुठे जायची गरज आहे. शिफारसपत्र राहील, पण त्या भागाच्या जोडीने ओळख सांगितली तरच. भिंत, छप्पर, भाडं मिळकत उपसमितीकडे. पाळकांनी त्रैमासिक हिशोब वाचायचा, धनादेशावर एकटी सही कुणाचीच नाही. समुपदेशनाबद्दल रूथताईंचा परिच्छेद जवळजवळ जसाच्या तसा घेतला. संडे स्कूलच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं. पाळकीणबाईंची ओळ गेली.

अडलंय ते साप्ताहिक सुटीवर. दोन ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, देवाच्या सेवकाला सुटी कसली. सृष्टी घडवून देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली हा दाखला मी दिला, तर म्हणाले तो देव होता. शनिवारी मतदान आहे.

सनदी_सभासद

छान झालंय. एक विचारायचं राहिलं. कमिटीत यंदा तुम्ही नवीन म्हणता. तुमची मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल आणि कमिटीतले लोक विश्वस्त असतील, तर चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची सूचना) नव्वद दिवसांत द्यावा लागतो. दिलाय का?

नानापेठी

उद्याच चिटणीसांना विचारते.